डाउनलोड डी ड्राइव्हवर लावलंय, तरी सी ड्राइव्ह का भरतो? (४६ जीबीची एकच फाइल)

पानगळ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन दिवस एकाच फाइलमागे लागले आहे आणि आता काही सुचेनासं झालंय.

एका अभ्यासासाठी घेतलेल्या मुलाखतींचं मूळ चित्रीकरण सहकाऱ्याने ऑनलाइन साठवणुकीच्या एका सेवेवरून पाठवलंय. एकच झिप फाइल, ४६ जीबी. लिंक रविवारी रात्री बंद होणार आहे. तो प्रवासात आहे, मूळ डिस्क त्याच्याजवळ नाही, त्यामुळे पुन्हा अपलोड करणं त्याला इतक्यात जमणार नाही. मुलाखत दिलेल्यांपैकी दोघी आता हयात नाहीत, म्हणून जीव अडकलाय.

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. सी ड्राइव्ह २५६ जीबीची एसएसडी, त्यात ३१ जीबी मोकळी. डी ड्राइव्ह १ टीबीची हार्ड डिस्क, त्यात ४०० जीबीहून जास्त मोकळी. क्रोममध्ये डाउनलोडची जागा डी ड्राइव्हवरचा फोल्डर अशीच ठेवली आहे. तरीही ६६ टक्क्यांवर जाऊन 'जागा अपुरी' असा संदेश येतो आणि सगळं थांबतं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तिथेच. ४०० जीबी मोकळी असताना जागा अपुरी कशी?

टाचणी | सोमवार, रात्री १०:०५

आधी सोपं ते करून बघा. रिसायकल बिन रिकामी केलीत का? पुष्कळ जण फाइल डिलीट करतात आणि जागा मोकळी झाली असं धरून चालतात, पण बिनमध्ये आहे तोवर ती फाइल त्याच ड्राइव्हवर तेवढीच जागा खात असते. आणि ब्राउझरची कॅशे साफ करा.

सांजवेळ | सोमवार, रात्री १०:२०

ब्राउझर बदलून बघा. फायरफॉक्समध्ये माझी मोठी डाउनलोड्स कधी अडली नाहीत.

पानगळ | सोमवार, रात्री १०:५२

टाचणी, दोन्ही केलं. बिनमधून २ जीबी मिळाली, कॅशेमधून जेमतेम ८०० एमबी. या वेळी ७२ टक्क्यांपर्यंत गेलं आणि थांबलं. म्हणजे जागेचाच प्रश्न आहे हे नक्की, पण कुठल्या जागेचा ते कळत नाही.

काजवा | सोमवार, रात्री ११:१५

पानगळ, आता काहीही डिलीट करू नका. घाईत केलेल्या साफसफाईत कामाच्या फाइली जातात, आणि तुमच्याकडे तर रविवारपर्यंत वेळ आहे. आधी एवढं बघून सांगा:

डाउनलोड चालू असताना डी ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरमध्ये एखादी अर्धवट फाइल दिसते का? क्रोममध्ये तिच्या नावाच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' असं असतं. त्याच वेळी 'धिस पीसी' उघडा आणि सी ड्राइव्हची मोकळी जागा दर पाच मिनिटांनी बघा. शेवटी, डाउनलोड अडल्यावर ती टॅब बंद केली की सी ड्राइव्हचा आकडा परत वर जातो का?

पानगळ | मंगळवार, सकाळी ७:३०

रात्री बसून बघितलं. डी ड्राइव्हवरचा फोल्डर शेवटपर्यंत रिकामा. सी ड्राइव्ह मात्र ३३, ३१, २८ असा डोळ्यांदेखत उतरत होता, शेवटी लाल पट्टी आली. टॅब बंद केली आणि थोड्या वेळाने आकडा परत ३३ वर! मला वाटायचं, डाउनलोड म्हणजे नळाखाली बादली ठेवावी तसं थेट त्या फोल्डरमध्ये पडतं.

काजवा | मंगळवार, सकाळी ८:१०

साध्या डाउनलोडमध्ये तसंच होतं. सर्व्हरकडून आलेले बाइट ब्राउझर थेट तुम्ही दिलेल्या फोल्डरमधल्या अर्धवट फाइलमध्ये लिहितो आणि पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदलतो. क्रोम आणि एजमध्ये ती 'सीआरडाउनलोड', फायरफॉक्समध्ये 'पार्ट'.

तुमची सेवा त्यातली नाही. काही सेवांवर फाइल कुलूपबंद अवस्थेत ठेवलेली असते आणि किल्ली फक्त तुमच्याकडे असते, लिंकमध्ये किंवा पासवर्डमध्ये. सर्व्हर तुम्हाला कुलूपबंद तुकडे पाठवतो, आणि ते उघडण्याचं काम तुमच्या ब्राउझरच्या आत, त्या वेबपानातलाच प्रोग्रॅम करतो. उघडलेले तुकडे कुठेतरी साठवावे लागतात. वेबपानाला तुमच्या डिस्कवर वाटेल तिथे लिहायची मुभा नसते, म्हणून ते ब्राउझरने त्या साइटला दिलेल्या राखीव कोठारात लिहितं. हे कोठार ब्राउझरच्या प्रोफाइलमध्ये असतं, आणि प्रोफाइल सी ड्राइव्हवर, तुमच्या युजर फोल्डरमधल्या 'अ‍ॅपडेटा'त. सगळे तुकडे जमले, फाइल पूर्ण झाली, की मगच ब्राउझर ती तुमच्या डी ड्राइव्हवर उतरवतो.

म्हणजे ४६ जीबीची फाइल आधी पूर्णच्या पूर्ण सी ड्राइव्हवर मावायला हवी. तुमच्याकडे ३१ होती. ४६ चे ६६ टक्के म्हणजे साधारण ३०. पुढे ३३ झाली तेव्हा ७२ टक्के. हिशोब चोख जुळतो.

डाउनलोडचा फोल्डरही सी ड्राइव्हवरच असता तर शेवटच्या टप्प्यात कोठारातली प्रत आणि फोल्डरमधली प्रत, दोन्ही एकाच वेळी तिथे राहिल्या असत्या. तेव्हा ९२ जीबी लागली असती. डी ड्राइव्ह निवडलात ते बरोबरच केलंत.

सांजवेळ | मंगळवार, सकाळी ८:४०

मग मी सुचवलेला फायरफॉक्स?

काजवा | मंगळवार, सकाळी ९:०२

साध्या डाउनलोडला उत्तम, पण या कामाला नाही. कोठाराची कमाल मर्यादा प्रत्येक ब्राउझर आपापली ठरवतो. क्रोम एका साइटला एकूण डिस्कच्या ६० टक्क्यांपर्यंत जागा देतो, म्हणजे २५६च्या एसएसडीवर सुमारे १४३ जीबी. अर्थात तेवढी खरोखर मोकळी असली तर. फायरफॉक्समध्ये कायमस्वरूपी साठवणुकीची वेगळी परवानगी दिली नसेल, तर डिस्कच्या १० टक्के किंवा १० जीबी यांतलं जे कमी असेल ते. ४६ ची फाइल तिथे याहूनही लवकर अडेल. खाजगी विंडोही टाळा, तिथे क्रोमही हात आखडता घेतो.

दगडफूल | मंगळवार, सकाळी ९:३०

फार उपयोगाची माहिती, काजवा. त्यात एक भर. याआधीचे अर्धवट प्रयत्न कधीकधी कोठारातच पडून राहतात, विशेषतः लॅपटॉप मध्येच बंद पडला किंवा ब्राउझर कोसळला असेल तर. पानगळ, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, तिथे सगळ्या साइट्सच्या परवानग्या आणि साठवलेला डेटा बघायची ओळ आहे. यादी आल्यावर वर 'डेटा स्टोर्ड'नुसार क्रम लावा. कोण किती जागा अडवून बसलंय ते एका नजरेत दिसेल. कॅशे साफ केल्याने हे जात नाही, हा डेटा वेगळा असतो.

पानगळ | मंगळवार, दुपारी १:१५

दगडफूल, सापडलं! याच सेवेच्या नावावर १७ जीबी. गेल्या महिन्यात दुसरी एक फाइल उतरवताना लॅपटॉपची बॅटरी संपली होती, ते तेव्हाचं असणार. नावापुढे कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह आहे. दाबू का?

टाचणी | मंगळवार, दुपारी १:३२

दाबण्याआधी थांबा! त्या सेवेवर तुमचं खातं आहे का? असेल तर त्याने तुम्ही लॉगआउट व्हाल. किल्ली फक्त वापरणाऱ्याकडे असलेल्या सेवांमध्ये पासवर्ड विसरला आणि रिकव्हरी की पण नसली, तर खात्यातलं काहीच परत उघडता येत नाही. सेवा देणारेही काही करू शकत नाहीत, कारण त्यांच्याकडे किल्लीच नसते. माझ्या जवळच्या मैत्रिणीची काही वर्षांची छायाचित्रं अशी कायमची कुलूपबंद झाली आहेत. पासवर्ड पाठ आहे असं वाटत असलं तरी आधी दुसऱ्या उपकरणावर लॉगिन करून खात्री करा, रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, मग डबा दाबा.

पानगळ | मंगळवार, दुपारी २:४०

बरं झालं बाई सांगितलंत. फोनवरून लॉगिन करून बघितलं तर पासवर्ड चुकीचा निघाला. मी जुना धरून बसले होते. नवा वहीत सापडला, रिकव्हरी कीही उतरवली. मग डबा दाबला. सी ड्राइव्हवर आता ५० जीबी मोकळी!

म्हणजे ४६ मावेल. लावू का डाउनलोड?

उंबरठा | मंगळवार, दुपारी ३:१०

४ जीबीच्या फटीवर अवलंबून राहू नका. विंडोज स्वतःही सी ड्राइव्हवर सतत काहीबाही लिहीत असतं: पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) वाढते, अपडेट उतरतं. आणि एसएसडी गळ्यापर्यंत भरली की लिहिण्याचा वेग पडतो. आणखी २०-३० जीबी मोकळी करून मगच लावा.

सेटिंग्जमधून सिस्टीम, मग स्टोरेज उघडा. कशाने किती जागा घेतली ते विंडोज स्वतःच दाखवतं, वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज नाही. 'टेम्पररी फाइल्स'मध्ये विंडोजची जुनी आवृत्ती दिसली तर ती बिनधास्त काढा. मोठ्या अपडेटनंतर ती मागे राहते, एरवीही साधारण १० दिवसांनी आपोआप जाते. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स' नावाची एक चौकट असते, तिच्यावर खूण करू नका. ती तात्पुरत्या फाइलींची नाही, तुम्ही स्वतः उतरवलेल्या सगळ्या फाइलींची आहे.

विंडोज फोल्डरमधल्या 'विनएसएक्सएस'ला हात लावू नका, कितीही मोठा दिसला तरी. त्यातल्या बऱ्याच फाइली एकदाच साठवलेल्या असून दोन ठिकाणी दिसतात, त्यामुळे आकडा फुगलेला असतो. हाताने काढल्या तर विंडोज बिघडतं.

आणि वनड्राइव्ह वापरत असाल तर त्यातल्या फाइली डिलीट करू नका, त्या ऑनलाइनही जातील. फाइलवर राइट-क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. फाइल ऑनलाइन राहते, फक्त लॅपटॉपवरची प्रत जाते.

खडू | मंगळवार, दुपारी ४:००

एखादं क्लीनर सॉफ्टवेअर टाका ना. एका बटणात काम होतं, रजिस्ट्रीही (विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ होते.

उंबरठा | मंगळवार, दुपारी ४:२५

खडू, याच्याशी मी अजिबात सहमत नाही. रजिस्ट्री साफ करून डिस्कवर म्हणण्यासारखी जागा मोकळी होत नाही, तिचा एकूण आकारच किती तो. उलट नको ती नोंद गेली तर प्रोग्रॅम बंद पडतात. आणि त्या एका बटणाखाली नक्की काय काय काढलं जातं हे आपल्याला दिसत नाही. पानगळ यांच्यासारख्या, आधीच एका फाइलच्या काळजीत असलेल्या माणसाला मी हे कधीच सुचवणार नाही.

दगडफूल | मंगळवार, दुपारी ४:४०

हायबरनेशनच्या, म्हणजे लॅपटॉप बंद करताना उघडं काम डिस्कवर जपून ठेवण्याच्या फाइलचंही बघता येईल. 'हायबरफिल' नावाची लपवलेली फाइल सी ड्राइव्हवर असते, रॅमच्या साधारण ४० टक्के. १६ जीबी रॅम असेल तर सहाएक जीबी. कमांड प्रॉम्प्टवरून हायबरनेट बंद केलं की ती जाते. मात्र फास्ट स्टार्टअपही बंद होतं.

पानगळ | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

दगडफूल, लॅपटॉप संस्थेचा आहे, अ‍ॅडमिनचे अधिकार माझ्याकडे नाहीत. त्यामुळे हायबरनेट राहू दे.

पण उंबरठांनी सांगितल्याप्रमाणे स्टोरेजचं पान बघितलं, मग फाइल एक्स्प्लोररमध्ये लपवलेल्या वस्तू दाखवायचा पर्याय चालू करून माझ्या युजर फोल्डरमध्ये एकेका फोल्डरचा आकार तपासत गेले. 'अ‍ॅपडेटा'मध्ये 'रोमिंग', त्यात 'अ‍ॅपल कॉम्प्युटर', त्यात 'मोबाइलसिंक', त्यात 'बॅकअप'. ३४ जीबी! जुना आयफोन विकण्याआधी आयट्यून्सने बॅकअप घेतला होता, त्याला बरीच वर्षं झाली. पूर्ण विसरले होते. तो फोन तर नाहीच, आणि त्यातली छायाचित्रं वेगळी काढून ठेवलेली आहेत. तरी काढायला मन होत नाही.

काजवा | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

काढू नका, हलवा. डी ड्राइव्हवर जागा आहेच. अख्खा 'बॅकअप' फोल्डर आधी तिकडे कॉपी करा. 'मूव्ह' नको, मध्ये काही अडलं तर अर्धं इकडे अर्धं तिकडे होतं. कॉपी झाल्यावर दोन्ही फोल्डरचे गुणधर्म उघडून फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार जुळतो का बघा. जुळला की मूळ फोल्डर काढा. आतल्या फाइलींची नावं निरर्थक अक्षरांची दिसतील, ती बदलू नका, नाहीतर बॅकअप परत वापरता येणार नाही.

आभाळ | मंगळवार, रात्री ८:३०

थोडं अवांतर. माझ्याकडे ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आहे, पूर्ण रिकामा. त्यावर ६ जीबीची फाइल उतरवायला गेलं की जागा नाही म्हणतो. हाच प्रकार आहे का?

टाचणी | मंगळवार, रात्री ८:४५

नाही, तुमचं कारण वेगळं. पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून गुणधर्म बघा, फाइल सिस्टीमपुढे 'फॅट३२' असेल. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असो. आत काही ठेवायचं नसेल तर 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करा. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो.

आभाळ | मंगळवार, रात्री ९:१०

फॅट३२च होतं. झालं काम, आभारी आहे!

सांजवेळ | मंगळवार, रात्री ९:२५

पानगळ, त्या सेवेचं स्वतःचं डेस्कटॉप अ‍ॅप असेल तर ते का नाही वापरत? माझ्या अनुभवात अशी अ‍ॅप्स तुम्ही दिलेल्या फोल्डरमध्येच थेट लिहितात, ब्राउझरच्या कोठाराचा प्रश्नच येत नाही. मध्ये इंटरनेट गेलं तरी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं.

काजवा | मंगळवार, रात्री ९:४०

+१. हाच खरा राजमार्ग. धागा पुढे वाचणाऱ्यांनी आधी हेच करून बघावं. पानगळ यांना लॅपटॉपवर काही टाकता येत नाही, म्हणून ही सगळी खटपट. दुसरा मार्ग म्हणजे पाठवणाऱ्याने एकाच झिपऐवजी ५-५ जीबीचे तुकडे ठेवणं, पण तो आता त्यांच्या हातात नाही.

पानगळ | बुधवार, सकाळी ८:२०

बॅकअप हलवला. फाइलींची संख्या आणि बाइट दोन्ही जुळले, मगच मूळ काढला. सी ड्राइव्हवर ८४ जीबी मोकळी आहे. आता डाउनलोड लावते. आणखी काही काळजी घ्यायची?

काजवा | बुधवार, सकाळी ८:४५

लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. पॉवरच्या सेटिंग्जमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, झाकण मिटू नका. ती टॅब वेगळ्या विंडोत घ्या, म्हणजे चुकून बंद होणार नाही.

आता नीट लक्ष द्या. १०० टक्के दिसलं म्हणजे संपलं असं नाही. त्यानंतर ब्राउझर ४६ जीबी सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर उतरवणार. हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तरी याला सातआठ मिनिटं लागतात, जुन्या डिस्कवर जास्तच. तेवढा वेळ पानावर काहीच हालचाल दिसणार नाही. अडकलं असं समजून लोक नेमकी इथेच टॅब बंद करतात आणि सगळी मेहनत वाया जाते. डी ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये फाइल पूर्ण नावानिशी दिसेपर्यंत हात लावू नका.

रानवाट | बुधवार, सकाळी ११:००

मॅकवर याचं कसं असतं? माझ्याकडे फाइंडर ६० जीबी मोकळी दाखवतो, पण डिस्क युटिलिटीत बघितलं तर खरी मोकळी त्याहून पुष्कळ कमी.

दगडफूल | बुधवार, सकाळी ११:३०

मॅक 'पर्जेबल' म्हणजे लागलीच तर सोडता येईल अशी जागाही मोकळीत धरतो. टाइम मशीनचे (मॅकच्या बॅकअप सोयीचे) स्थानिक स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी, त्यातच येतात, ते साधारण २४ तास ठेवले जातात. म्हणून मॅकवर मोठी फाइल डिलीट करून ट्रॅश रिकामी केली तरी लगेच जागा दिसेलच असं नाही. एक दिवस थांबून बघा, बहुधा आकडे जवळ येतील.

पानगळ | बुधवार, रात्री १०:३५

आली!!! ४६ जीबी, डी ड्राइव्हवर.

काजवा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी टॅब नक्की बंद केली असती. १०० टक्के होऊन अकरा मिनिटं पानावर काही म्हणजे काही हललं नाही. मी फक्त डी ड्राइव्हच्या मोकळ्या जागेकडे बघत बसले होते, ती हळूहळू कमी होत होती, तेवढाच धीर. मग फोल्डरमध्ये फाइल दिसली.

सी ड्राइव्हवर अजून ३८च आहे. टॅब बंद करू का आता?

काजवा | बुधवार, रात्री १०:५०

अभिनंदन! पण पाच मिनिटं थांबा. फाइल धड आली आहे का ते आधी तपासा. पाठवणाऱ्याने एसएचए-२५६ ची बेरीज, म्हणजे फाइलमधल्या बाइटवरून काढलेली तपासणी-संख्या, दिली आहे का? दिली असेल तर पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा फाइलच्या पत्त्यासह चालवा, तिला अ‍ॅडमिन लागत नाही. दिली नसेल तर झिप उघडूनच कळेल, कारण झिपमध्ये प्रत्येक फाइलची तपासणी-संख्या असते आणि उलगडताना ती ताडून बघितली जाते.

उंबरठा | बुधवार, रात्री ११:०५

उलगडताना परत सी ड्राइव्हच्या फेऱ्यात अडकू नका. झिपच्या आतली फाइल तिथूनच डबल-क्लिक करून उघडली, तर तिची प्रत आधी सी ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते. काही झिप सॉफ्टवेअरमध्ये आतून फाइल ओढून बाहेर टाकली तरी तेच होतं. 'एक्स्ट्रॅक्ट' निवडा आणि जागा डी ड्राइव्हवरची द्या. चित्रफिती आधीच दाबलेल्या असतात, झिपमध्ये फारशा लहान होत नाहीत, म्हणून उलगडल्यावर आणखी ४६ जीबी धरा.

पानगळ | गुरुवार, सकाळी ७:५०

बेरीज त्याने ईमेलमध्ये लिहिली होती, मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. चौसष्ट अक्षरं आहेत. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. जुळली.

मग टॅब बंद केली आणि दगडफूल यांनी दाखवलेल्या यादीत जाऊन त्या सेवेचा उरलेला डेटा काढला. सी ड्राइव्ह परत ८४ वर. झिप डी ड्राइव्हवर उलगडली, २३ चित्रफिती निघाल्या. त्या दोघींची मुलाखत सगळ्यात आधी उघडली. आवाज स्वच्छ आहे.

आता दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर चालू आहे. एक्सफॅट आहे, तपासून घेतलं. १४ मिनिटं बाकी दाखवतंय.